मास्तरांनी मांडी घातली

आमच्या सासूबाईंनी गाडी शिकायची ठरवली आणि झोप माझी गेली. नवऱ्याने फर्मान काढलं की आईला एकटीला पाठवायचं नाही. शिकवणीची वेळ सकाळची. त्याची सकाळ उजाडते ती ऑफिसला उशीर झाल्यावर. माझी डोळ्यांच्या दवाखान्यातली ड्यूटी दुपारची. तेव्हा मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसायला घरात मीच तेवढी मोकळी सापडले.

घरची गाडी सासऱ्यांची. छोटी, जुनी, पण त्यांनी जिवापाड जपलेली. ते होते तोवर किल्लीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. सासूबाई जन्मभर शेजारच्या सीटवर, हातात पाण्याची बाटली धरून. ते गेले आणि गाडी कव्हरखाली गेली. पुढे नवऱ्याने ती विकायची भाषा काढली तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "विकायची नाही. मी शिकते." आम्हाला वाटलं, गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून, फोटो देऊन आल्यासुद्धा.

साठी उलटलेली बाई. तिच्या घरातले पडदे कुठले, डॉक्टर कोण, लेकीला कोणत्या घरात द्यायची, सगळं सासऱ्यांनी ठरवलेलं. माणूस वाईट नव्हता, पण ठरवायचा. आणि काही फसलं तर तेही आपल्याच अंगावर घ्यायचा, हेही खरं. सासूबाईंच्या वाट्याला निर्णय आला नाही आणि चूकही आली नाही. लग्न होऊन घरात आले तेव्हा मला याचा हेवा वाटायचा. किती सुखी बाई, हिला कोणी बोलच लावू शकत नाही. अक्कल यायला मला बरीच वर्षं लागली.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की शिकवणारा आपल्या बाजूने दाबतो आणि गाडी थांबते. आमचे मास्तर आधी लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचे. सडसडीत अंगाचे, बोलायला कंजूष. "हळू" या एका शब्दावर त्यांनी आख्खी पिढी शिकवून काढली होती. पहिल्या दिवशी त्यांनी सासूबाईंना "आजी" म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, आजी मी घरी, इथं विद्यार्थी. तेव्हापासून त्या "ताई" झाल्या.

या मास्तरांची एक रीत होती. शिकणारा तयार झाला असं त्यांना वाटलं की एके दिवशी ते काही न बोलता चपला काढायचे, दोन्ही पाय वर घ्यायचे आणि सीटवर चक्क मांडी घालून बसायचे. दुसरा ब्रेक खाली मोकळा. आता गाडी तुमची. हे नियमाला धरून नव्हतं. परवाना हातात येईपर्यंत शिकवणाऱ्याचा पाय ब्रेकवर हवा, असा नियम भिंतीवर चौकटीत लावलेला होता, आणि मालक त्या चौकटीखाली बसून या रिवाजाकडे काणाडोळा करायचे. कारण मास्तरांचे विद्यार्थी नापास होत नव्हते. परवाना सरकार देतं, पण स्कूलच्या बाकावर वाट बघत बसलेली मंडळी एकमेकांना विचारायची ते एवढंच, "मांडी घातली का?"

मी एकदा मास्तरांना विचारलं की हे धोक्याचं नाही का.  ते म्हणाले की माझा पाय खाली आहे तोवर गाडी मीच चालवतो, तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरता. मला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त भीती वाटली.

सासूबाईंना वेळ लागला. क्लच त्यांच्याशी वैर धरून होता. चढावर गाडी मागे यायची आणि मी मागच्या मागे देवाचं नाव घ्यायची. पण त्या रोज नव्याने बसायच्या, आरसा नीट करायच्या, बुटाची नाडी तपासायच्या. बाकावरचे कॉलेजातले पोरगे येऊन पास होऊन गेले. त्यांच्यामागून आलेल्या एका नवऱ्यामुलाच्या वेळीही मास्तरांनी मांडी घातली. सासूबाई घरी आल्या की चहात साखर घालायला विसरायच्या. त्यावरून मी समजायची.

आणि मग एके सकाळी, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, मास्तरांनी चपला काढल्या.

सासूबाईंनी ते पाहिलं. मागून मला त्यांचे कान लाल झालेले दिसले. मास्तरांनी एक पाय वर घेतला, मग दुसरा, मांडी घातली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघायला लागले.  मला वाटलं ओरडावं, फोन करून नवऱ्याला उठवावं. पण मी गप्प बसले, कारण समोर बसलेली बाई गाडी चालवत होती. खरोखर चालवत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं आणि बाहेरचं दिसेनासं झालं.

पहिल्या सिग्नलला गाडी पांढऱ्या पट्टीच्या थोडी पुढे जाऊन थांबली. मास्तर म्हणाले, "जरा अलीकडे." दुसऱ्या सिग्नललाही तसंच झालं. मास्तर काही बोलले नाहीत. मीही हसण्यावारी नेलं. आनंदात माणूस पट्टीबिट्टी बघत नाही.

लाँड्रीच्या कोपऱ्यावर आतल्या गल्लीतून एक सायकलवाला बाहेर आला. अचानक नाही, सावकाश आला. आम्हा तिघांनाही तो दिसला. सासूबाईंनी ब्रेक दाबला. गाडीचा वेग कमी झाला, पण ती थांबली नाही. मास्तर पाय खाली घ्यायला धडपडले, पण घट्ट घातलेली मांडी अशी एका क्षणात सुटत नाही. सायकलच्या मागच्या चाकाला धक्का बसला आणि माणूस हातावर पडला. त्याची पिशवी उघडली आणि रस्त्यावर कंगवेच कंगवे झाले. पलीकडच्या गल्लीत त्याचं सलून होतं. मोडला होता तो उजव्या हाताचा मनगटाचा सांधा, कात्रीचा हात.

गर्दी जमली. या वयात ही हौस कशाला, असं कोणीतरी ऐकू जाईल असं बोललं. सासूबाई सगळ्यांच्या आधी उतरल्या होत्या. त्यांनी त्या माणसाला आधार देऊन बसवलं, त्याचा हात आपल्या ओढणीने छातीशी बांधला, आणि मास्तर टॅक्सी थांबवत होते तेवढ्यात रस्त्यावरचे कंगवे एक एक करून गोळा केले. मग त्याच टॅक्सीत बसून दवाखान्यात गेल्या. मला मागे वळून म्हणाल्या की घरी सांग, उशीर होईल.

संध्याकाळी घरात जे झालं ते मी विसरणार नाही, कारण सगळे फार प्रेमाने वागले. नवऱ्याने सांगितलं की यात आईचा काडीचाही दोष नाही, मास्तराने पाय वर घेतलेच कसे, मी त्याला सोडत नाही. नणंदेचा फोन आला, तिने समजावलं की आई, या वयात प्रतिक्रिया मंदावतात, तू मनाला लावून घेऊ नकोस. शेजारच्या काकू म्हणाल्या की सायकलवाले नाहीतरी बघत नाहीत. मीही माझी भर घातली की सूर्य अगदी डोळ्यांवर होता. सूर्य पाठीमागे होता. पण त्या क्षणी मला तो समोर आणायला काही वाटलं नाही.

सासूबाई सगळ्यांचं ऐकत राहिल्या. मग उठून झोपायच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्कूलचे मालक घरी आले. परिवहन कार्यालयातून एक अधिकारी चौकशीला येणार होता, त्याआधी त्यांना सगळं जुळवून घ्यायचं होतं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. मास्तरांचे पाय खालीच होते, त्यांनी दाबला, पण दुसरा ब्रेक अडकला, असं सगळ्यांनी सांगायचं. मास्तरांची शिकवायची परवानगी शाबूत, सासूबाईंचा शिकाऊ परवाना शाबूत, पुढच्या महिन्यात परीक्षा. कालपर्यंत मास्तरांवर दात खाणारा माझा नवरा अर्ध्या कप चहात विरघळला. आईचं नाव कशातच येत नाही म्हटल्यावर त्याला आणखी काय हवं होतं?

सासूबाईंनी एकच विचारलं, "आणि मिस्त्री?"

स्कूलच्या गाड्या बघायला एक मिस्त्री होते. ब्रेक अडकला म्हणजे त्यांनी बघितला नाही. मालक म्हणाले की त्याला नाहीतरी काढायचंच होतं, त्याची काळजी तुम्ही करू नका. सासूबाईंनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मालकांना कळलं नाही. मालकांनी हो धरलं आणि निघून गेले.

त्याच दुपारी सासूबाई सलूनवाल्याला भेटायला दवाखान्यात गेल्या. मीही रजा टाकून सोबत होतेच. आता ते माझं खातंच झालं होतं. सलूनवाले पन्नाशीचे, तोंडाळ गृहस्थ. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून पडले होते. सासूबाईंनी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही.

"माफी नको, मावशी. कालपासून इथं रांग लागलीय. मालक आले, म्हणाले ब्रेकची चूक. तुमचा मुलगा आला, म्हणाला मास्तरची चूक. नर्सबाई म्हणाल्या नशीब. कोणाचीच चूक नाही म्हणतात. मग माझा हात काय आपोआप मोडला?"

 गोळा केलेले कंगवे सासूबाईंनी घरी धुऊन, पुसून, रुमालात बांधून आणले होते. ते टेबलावर ठेवले आणि आम्ही निघालो. बसमध्ये त्या पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मी काहीतरी बोलून बघितलं, पण त्यांनी ऐकलं नाही.

चौकशी स्कूलच्या ऑफिसात झाली, त्या चौकटीतल्या नियमाखालीच. अधिकारी तरुण होते, सभ्य होते आणि आवाज चढवत नव्हते. मालक, मास्तर, दारात अवघडून उभे असलेले मिस्त्री, गळ्यात हात अडकवलेले सलूनवाले आणि आमच्या घरचे तिघं. मालकांनी अडकलेल्या ब्रेकची गोष्ट रंगवून सांगितली. मिस्त्री आपल्या बोटांकडे बघत होते. त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असावं.

अधिकाऱ्यांनी मास्तरांना विचारलं की तुम्ही ब्रेक दाबलात तेव्हा नेमकं काय झालं. मालकांनी डोळे वटारले. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"दाबला नाही, साहेब. ब्रेक चांगला होता. माझे पाय वर होते."

नवरा टुणकन उठला. बघा, हा स्वतःच कबूल करतोय, माझ्या आईला याने वाऱ्यावर सोडली. मालकांचा चेहरा उतरला. अधिकारी मास्तरांना म्हणाले की याचा अर्थ तुम्हाला कळतो ना, आणि मास्तर म्हणाले, कळतो. अधिकारी लिहायला लागले. आणि मला, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. मिस्त्री वाचले, सासूबाई वाचल्या, आणि ज्याचं त्याने आपणहून अंगावर घेतलं. मी पर्स उचलली.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या, "माझं राहिलंय."

अधिकाऱ्यांनी हातानेच त्यांना शांत केलं. अगदी मायेने म्हणाले, "आजी, तुम्ही शिकाऊ आहात. तुमच्यावर काही येत नाही. जबाबदारी शिकवणाऱ्याची असते."

"गाडी कोण चालवत होतं?"

"तुम्ही."

"मग माझ्यावर काही येत नाही कसं?"

मग त्यांनी सांगितलं. सावकाश, हात टेबलावर ठेवून, जशा त्या एखाद्या पदार्थाची कृती सांगतात तसं. इतके दिवस त्या ब्रेक अर्धाच दाबत होत्या. उरलेला अर्धा मास्तरांच्या बाजूने पडायचा, इतका अलगद की मास्तरांचं मास्तरांनाही कळायचं नाही. ट्रकवाल्याचा पाय, समोर काही दिसलं की आपोआप खाली जाणारा. दोघं मिळून गाडी थांबवत होते आणि दोघांनाही वाटत होतं की सासूबाई थांबवताहेत. मास्तरांची मान हे ऐकता ऐकता खाली गेली.

"पण त्या दिवशी पहिल्या सिग्नलला गाडी पट्टीच्या पुढे गेली तेव्हाच मला कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या सिग्नलला खात्री पटली. की माझा पाय कमी पडतोय. मी बोलले नाही. बोलले असते तर मास्तरांनी पाय खाली घेतले असते. आणि मला ते नको होतं."

 ही गोष्ट त्यांच्याशिवाय जगात कोणालाही माहीत नव्हती. कळायची शक्यताही नव्हती. मी मागे बसून दोन्ही पट्ट्या बघितल्या होत्या आणि मलाही कळलं नव्हतं.

"आई, कशाला हे?" नवरा अगदी रडकुंडीला आला होता. "कोणी तुला काही म्हणत नाहीये."

"तेच तर." त्या त्याच्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, पण मी तो कधी ऐकलेला नव्हता. "तू म्हणतोस मास्तर. तुझी ताई म्हणते वय. ही म्हणते सूर्य. सगळे मिळून माझ्याकडून माझी चूक काढून घेताय. ती काढून घेतलीत तर गाडी मी चालवली असं मी कशाच्या जोरावर म्हणू? आयुष्यात एक गोष्ट मी माझी ठरवून केली रे. वाईट झाली. या माणसाचा हात मोडला. पण केली मी. ती तरी माझी मला राहू दे."

नवरा खाली बसला. सलूनवाले इतका वेळ भिंतीकडे बघत होते, ते आता सासूबाईंकडे बघायला लागले.

आता मास्तर उठले. म्हणाले, ताई, तुमचं काही ऐकायचं नाही, विद्यार्थ्याचा पाय ओळखणं हे माझं काम, ते मला जमलं नाही, आणि पाय वर घेतले ते मी. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही विश्वास टाकलात, त्याचं मी काय केलं ते माझं मला बघू द्या. मास्तर म्हणाले, विश्वास टाकायच्या आधी मी तपासायला हवं होतं. चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारायला भांडणारी माणसं मी माझ्या दवाखान्यात रोज बघते. पण एका चुकीला दोन बाजूंनी धरून "माझी, माझी" करणारी दोन म्हातारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते. हसू येत होतं आणि छाती भरून आली होती.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, बरं, दोघांची अर्धी अर्धी लिहू का?

"अर्धी नको," सासूबाई म्हणाल्या. "अर्धं अर्धं करूनच हे झालं. त्यांची त्यांना पूर्ण लिहा. माझी मला पूर्ण."

तसंच लिहिलं गेलं. मास्तरांची शिकवायची परवानगी काही महिन्यांसाठी गेली. सासूबाईंचा शिकाऊ परवाना रद्द झाला, पुन्हा पहिल्यापासून अर्ज. मालकांनाही समज मिळाली आणि ती चौकट धूळ पुसून जरा खाली, डोळ्यांसमोर लावायला सांगितली गेली. मिस्त्री सगळे निघाले तरी दारातच उभे होते. सासूबाई जवळून गेल्या तेव्हा त्यांनी नुसतं दार धरून ठेवलं.

बाहेर सलूनवाल्यांनी आम्हाला गाठलं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी ते नंतरही कधी म्हटलं नाही, आणि सासूबाईंनी मागितलंही नाही. ते म्हणाले, "मावशी, मंगळवारी पुन्हा दवाखान्यात जायचंय. बसमध्ये एका हाताने चढता येत नाही."

"कितीला येऊ?" सासूबाईंनी विचारलं.

मंगळवार लागले ते लागलेच. हाड नीट बसलं नाही, पुन्हा बसवावं लागलं. मग बोटांचे व्यायाम सुरू झाले. सासूबाई दर मंगळवारी त्यांच्या दारात. उन्हात, पावसात, ताप अंगात असतानाही. मुलाने टॅक्सी करून देतो म्हटलं, तर म्हणाल्या की टॅक्सी तू करशील, जायचं मला आहे. बसमध्ये सलूनवाले त्यांना गिऱ्हाइकांच्या भानगडी सांगायचे आणि त्या सलूनवाल्यांना मास्तरांच्या मांडीची गोष्ट सांगायच्या. मधल्या काळात सलून त्यांचा मेहुणा चालवत होता. त्याचा हात म्हणजे हात नव्हे, कोयता. गिऱ्हाईक तुटायला लागलं तेव्हा सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला तिथं केस कापायला पाठवलं. तो पायऱ्यापायऱ्यांचं डोकं घेऊन परत आला. पुन्हा जाणार नाही म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात गपचूप गेला. तेव्हा मला माझा नवराही थोडा आवडला.

मास्तर त्या महिन्यांत स्कूलच्या आवारात मिस्त्रींना हाताखाली मदत करायचे, गाड्या धुवायचे. कोणाकडे रडगाणं नाही. सासूबाई पुन्हा शिकायला जायला लागल्या तेव्हा त्यांना शिकवायला नव्या बाई मिळाल्या. कडक, नियमाच्या पक्क्या, पाय कायम खाली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना एक गोष्ट मागितली. तुमचा पाय ब्रेकला नुसता लागला तरी मला मोठ्याने सांगा. बाई सांगायच्या, "लागला." पुन्हा, "लागला." सुरुवातीला सकाळभर हाच जप. मी मागच्या सीटवर बसून ऐकायची. हळूहळू तो विरळ झाला. एके दिवशी पूर्ण फेरीत तो शब्द आला नाही. सासूबाईंनी गाडी पट्टीच्या हातभर अलीकडे उभी केली. मग दार उघडून खाली वाकल्या आणि ते अंतर स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेतलं. आवारात हातात पाण्याचा पाइप घेऊन मास्तर उभे होते. त्यांच्या पाइपाचं पाणी बराच वेळ एकाच चाकावर पडत राहिलं.

परवाना आला तेव्हा आम्ही घरात धिंगाणा घातला. सासूबाईंनी तो पर्समध्ये ठेवला आणि कव्हर काढून गाडी धुवायला घेतली.

पुढचा मंगळवार सलूनवाल्यांचा शेवटचा होता. डॉक्टर हात मोकळा करणार होते. सासूबाईंनी त्यांना आधी काही सांगितलं नाही. दारात बसला निघायच्या तयारीत पिशवी घेऊन उभे असलेले सलूनवाले, आणि समोर येऊन थांबलेली गाडी, आणि तिच्या स्टिअरिंगमागे सासूबाई. मी नेहमीप्रमाणे मागे. मी खाली उतरून त्यांच्यासाठी मागचं दार उघडलं. ते सुरक्षित वाटेल असं मला वाटलं.

"बसनेही जाऊ," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तसं. मी राग धरणार नाही."

 सलूनवाल्यांचा डावा हात उजव्या मनगटावर होता. ते दुखत नव्हतं, पण सवय राहिली होती. मग त्यांनी मी उघडलेलं दार बंद केलं, पुढचं उघडलं आणि सासूबाईंच्या शेजारी बसले. पट्टा लावला. गाडी निघाली.

 दवाखान्याचा रस्ता लाँड्रीवरूनच जातो, दुसरा रस्ताच नाही. कोपरा जवळ आला तसा मी मागून पुढची सीट धरली. सलूनवाल्यांचा पाय पुढे सरकला आणि पायाखालच्या चटईवर घट्ट रुतला. तिथं काहीच नव्हतं. ही साधी घरची गाडी. गल्लीतून दोन मुली हातात हात घालून बाहेर आल्या आणि सासूबाईंनी ब्रेक दाबला. पूर्ण दाबला. गाडी थांबली. मुली आमच्याकडे न बघताच रस्ता ओलांडून गेल्या.

सासूबाई समोरच बघत होत्या, पण त्यांचा श्वास मला मागे ऐकू येत होता.

सलूनवाल्यांनी चटईकडे बघितलं. मग ते वाकले, त्यांनी चपला काढल्या आणि बाजूला सारल्या. एक पाय वर घेतला, अवघडून दुसरा घेतला, आणि त्या एवढ्याशा सीटवर मांडी घालून बसले. मोडून जुळलेला हात त्यांनी गुडघ्यावर ठेवला.

सासूबाईंचे कान लाल झाले. त्या काही म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी डोळे पुसले, आरसा बघितला, आणि क्लच दाबला.

"गुडघा जरा तिकडे घ्या," त्या म्हणाल्या. "गिअर टाकायचाय."